यांची आंघोळ, माझी खिंड

गेली चोवीस वर्षं मी रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात नकाशे काढते आहे. नकाशात समान उंचीच्या जागा जोडणारी एक रेघ असते, समोच्च रेषा. आमच्या भागाच्या नकाशात ती एकदा काढली की पुढची यायला अर्धा कागद संपतो, इतकं सगळं सपाट. एका कंटाळवाण्या दुपारी मी सहज म्हणून नेपाळच्या अन्नपूर्णा परिक्रमेचा नकाशा उघडला. थोरोंग ला नावाच्या खिंडीपाशी त्या रेषा इतक्या दाटीवाटीने बसल्या होत्या की कागद काळा दिसत होता. मी तिथेच ठरवलं की या रेषांवरून एकदा स्वतःच्या पायांनी चालायचं.

हे गेल्या वर्षी रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले आणि निमित्त मिळालं. अट माझीच होती. बेसीसहर या सुरुवातीच्या गावापासून खिंड ओलांडून पलीकडे जोमसोमपर्यंत सगळं चालत जायचं, आणि दोघांनी मिळून जायचं. आता वाटेतल्या मनांग गावापर्यंत जीपचा रस्ता झालाय, बहुतेक लोक तोच धरतात. यांनी दोन दिवस विचार करून मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी वहीत वेळापत्रक आखून आणलं. कुठल्या गावात किती वाजता पोचायचं, तेसुद्धा त्यात होतं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मम्मी, आप लोग पागल हो गए हो क्या? पापा को तो बिना गीज़र के नींद नहीं आती." पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. पण ती बोलली ते खरं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

तयारीसाठी तीन महिने पहाटे तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारल्या, पाठीवर पिशवीत दहा किलो तांदूळ घेऊन. पंडरीच्या कापडबाजारात यांनी घाऊक भावात सुती बनियनींचा गठ्ठा घेतला, तो मी परत करायला लावला. बर्फात सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. लोकरीचं किंवा पटकन वाळणारं कापड घ्या. बुटांना लावायचे लोखंडी काटे विकत घेऊ नका, पोखरा शहरात भाड्याने मिळतात.

दुर्गहून नौतनव्याला जाणारी गाडी रायपूरवरून जाते. रोज नसते, वार बघून तिकीट काढा. नौतनव्याहून सुनौलीची सरहद्द अगदी जवळ. आधार कार्डावर विसंबू नका, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. पोखऱ्यात आम्हाला आमची वाटाडी पेमा भेटली. चाळिशीची, बुटकी, मनांगच्या बाजूची. खिंड तिने इतक्यांदा ओलांडलीय की मोजणं सोडून दिलंय, असं म्हणाली. मला दीदी म्हणायची, यांना भैया.

पहिले सात दिवस फार सुखाचे गेले. खाली भाताची खाचरं, मग पाइनची जंगलं, मग सफरचंदांच्या बागा. जेवायला दोन्ही वेळा डाळभात, आणि मागाल तितका भात. आमच्यासारख्या छत्तीसगढच्या भातखाऊ माणसांना आणखी काय हवं? हे तर तिसऱ्यांदा भात घेताना लॉजवालीला आशीर्वादच द्यायचे.

अडचण एकच होती. यांना आंघोळ केल्याशिवाय चहा चालत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात अंगात ताप असतानाही हे नियम मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. खालच्या गावांत गरम पाण्याची बादली मिळायची, आणि जसजसं वर जावं तसतशी ती महाग होत जायची. मनांगला पेमाने स्पष्ट सांगितलं, "भैया, अब उस पार मुक्तिनाथ तक नहाना बंद. मुँह पोंछो, बस."

"हव," हे म्हणाले. छत्तीसगढी माणूस हव म्हणाला की विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी याक खर्क नावाच्या वस्तीत मुक्काम केला. तेरा हजार फुटांच्या वर, झाडं संपलेली, चार लॉज आणि चहूकडे पिवळं गवत. सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो, तर यांच्या हातातला चहा कपाबाहेर सांडायला लागला. मी म्हटलं, थंडी आहे. पेमा मात्र यांच्या टोपीखालून डोकावणाऱ्या केसांकडे बघत होती. तिने टोपी अलगद उचलली. केस पांढरे आणि ताठ, झाडूच्या काड्यांसारखे. गोठले होते.

"तुम्ही आंघोळ केली?" मी विचारलं.

"दोनच मग घेतले."

"कुठून?"

"मागं ड्रम आहे न. वरचा बर्फ फोडला थोडासा." मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, कोणाले समजणार नाही."

मला इतका राग आला की मी यांच्या हातातला कप काढून घेतला. दुपारपर्यंत यांना हुडहुडी भरली, डोकं फुटायला लागलं, दोनदा उलटी झाली. उंचीचा त्रास झालाय की थंडी भरलीय, हे ठरवत बसायची ती जागा नव्हती. पेमाने पिशव्या उचलल्या आणि आम्ही तिघंही मनांगला परत उतरलो. जी वाट काल हौसेने चढले होते तीच आज रागाने उतरले.

मनांगच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावून तपासलं. रक्तात प्राणवायू कमी, छातीत कफ. उंचीचा त्रास कदाचित तसाही झाला असता, पण गार पाण्याने त्याला हातभार लावला, असं त्या म्हणाल्या. आता वर जाणं बंद, उद्या सकाळी जीपने खाली.

म्हणजे माझीही खिंड संपली. रजेचे मोजके दिवस उरले होते, आणि दोन-चार दिवसांनी मोठा बर्फ येणार असं सगळे म्हणत होते. मी खोलीत येऊन पिशवी आवरायला घेतली. हे पलंगावर तीन पांघरुणांत बसून माझ्याकडे बघत होते.

"तू काहून भरून राहिली?" हे म्हणाले.

"उद्या जायचं नाही का?"

"मले जायचं आहे. तू वर जाय."

"दोघांनी जायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. ते मी मोडलं. आता तुझं तरी मोडू नको न."

"आणि तुम्हाला कोण बघणार?"

लॉजमालकाचा भाऊ सकाळी जीप घेऊन खाली निघणार होता, तो यांना बेसीसहरच्या दवाखान्यात पोचवणार होता. हे सगळं यांनी मी खोलीत येण्याआधीच ठरवून टाकलं होतं. तिथून पोखरा, आणि बरं वाटलं तर बसने जोमसोम. सिग्नलवाल्या माणसाने आजारपणातही वेळापत्रक आखलं होतं. मी रडले. रागाने रडले की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

सकाळी यांची जीप खाली गेली आणि मी नि पेमा वर निघालो. पहिला तास मी दर वळणावर मागे बघत होते. त्या संध्याकाळी याक खर्कच्या लॉजवर फोनने निरोप आला. ताप उतरला होता, प्राणवायूचा आकडा ठीक होता, आणि बेसीसहरला पोचल्यावर भात दोनदा मागून घेतला होता. तेव्हा कुठे मी जेवायला बसले.

पुढचा मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी, थोरोंग फेदीला. लसणाचं गरम सूप प्या, ते वर सगळीकडे मिळतं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, उलटी असली की तोंडाशी पाणी राहतं. पेमाचा नियम एकच होता. दहा वाजायच्या आत माथा पार करायचा. "उसके बाद हवा किसी की नहीं सुनती, दीदी."

पहाटे निघालो. वरच्या हाय कॅम्पवर चहा घेईपर्यंत उजाडलं, आणि पुढे सगळं पांढरं. रात्री ताजा बर्फ पडला होता. पायवाट म्हणजे बर्फात खणलेली गुडघाभर खोल नाळ, एका वेळी एकच पाऊल मावेल एवढी. दहा पावलं टाकायची, थांबायचं, काठीवर वाकून श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं.

मग वारा आला, दहाची वाट न बघता, आठलाच. तो वरून सुटा बर्फ घेऊन यायचा आणि तोंडावर वाळूसारखा मारायचा. माझी लोकरी मुखपट्टी श्वासाने ओली होऊन कडक झाली. तेव्हा मी पिशवीतून घरची ओढणी काढली आणि रायपुरात एप्रिल-मेमध्ये स्कूटीवर निघताना आम्ही बायका बांधतो तशी बांधली. डोक्यावरून, नाकावरून, मागे गाठ, फक्त डोळे उघडे. वर गॉगल. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यासाठी, लूसाठी शिकलेली विद्या बर्फात कामी आली. पेमा थांबून बघत राहिली आणि म्हणाली, "मुझे भी बाँध दो." मी त्या वाऱ्यात तिच्याही तोंडावर फडकं बांधलं.

एका आडव्या उतारावर झोत असा आला की मी बसलेच. खाली नजर गेली तर उतार सरळ धुक्यात शिरत होता. पाय उठेनात. मला भीती वाटली, खरीखुरी. पेमाने हात दिला नाही. समोर उभी राहून म्हणाली, "हवा साँस लेती है, दीदी. जब साँस ले, तब चलो." मी कान देऊन ऐकलं. खरंच मधे एक क्षण सगळं थांबायचं. त्या क्षणात मी उठले आणि चार पावलं टाकली. मग खाली वाकून थांबले. मग पुन्हा चार. अख्खा उतार असाच काढला. मनात एकच चाललं होतं, ही एक रेघ झाली, आता पुढची.

साडेनवाला रंगीत पताकांचा ढीग दिसला, बर्फात अर्धा बुडालेला. साडेसतरा हजार फुटांच्याही वर. तिथली चहाची टपरी बंद होती. मला वाटलं होतं की मी रडेन, पण मी मोठ्यांदा हसले. वाऱ्यात माझं हसणं मलाच ऐकू आलं नाही. पेमाने फोटो काढला, त्यात मी ओळखू येत नाही. नुसती ओढणी आणि गॉगल. तरी तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे.

पलीकडचा उतार गुडघ्यांचा जीव घेतो. काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही. बर्फ संपून लालसर माती दिसायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाय कॅम्प सोडल्यापासून चार तास मला यांची एकदाही आठवण आली नाही. यांचीच काय, लेकीची, ऑफिसची, कुणाचीच नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. फार हलकं वाटत होतं.

मुक्तिनाथाच्या मंदिरात एकशेआठ तोट्यांमधून बर्फाचं पाणी पडत असतं. जीपने आलेल्या नागपूरच्या एक काकू त्याखालून धावत जाऊन कुडकुडत उभ्या होत्या. मला विचारलं, "एकट्याच आल्या का? मिस्टर कुठं आहेत?"

"खालून येऊन राहिले, काकू."

"बरं आहे न," त्या म्हणाल्या आणि टॉवेलात शिरल्या. मी तोट्यांखाली नुसती बोटं धरली.

शेवटचा टप्पा कागबेनीवरून जोमसोम. दुपारनंतर काली गंडकीच्या पात्रात दक्षिणेकडून वारा सुटतो तो थेट तोंडावर येतो, म्हणून सकाळी लवकर निघा. आम्हाला उशीर झाला. शेवटचे दोन तास मान खाली घालून, दातांत वाळू चावत काढले. जोमसोमच्या बसस्टँडवर हे मफलर गुंडाळून बाकावर बसले होते, थोडे वाळलेले. मला ओळखायला यांना वेळ लागला.

"झाली?" हे म्हणाले.

"झाली."

"नाक सोललं तुझं," म्हणाले आणि माझी पिशवी घेतली. मग बसमध्ये पोखऱ्यापर्यंत एकेक गोष्ट विचारत राहिले. वारा किती, बर्फ किती, पेमा काय म्हणाली. मी सगळं सांगितलं. एक सोडून.

रायपूरला आल्यावर ओळखीतल्या मराठी घरांमध्ये आमचं कौतुक सुरू झालं. एका जेवणाला कुणीतरी यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "काय मग, खिंड सर केली म्हणे!" यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "मी नव्हतो. मी आंघोळ करून आजारी पडलो. ही गेली." सगळे हसले. हेही हसले, पण त्या दिवशी भात एकदाच घेतला.

हा मजकूर इंटरनेटवर टाकण्याआधी मी लॅपटॉप यांच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली. बर्फाच्या उताराशी आले तेव्हा हे "बापरे" म्हणाले. मग लॅपटॉपची टकटक थांबली. मला कळलं की हे कुठल्या ओळीवर थांबलेत.

"चार तास?" हे बाहेरून म्हणाले.

"हो."

"एकदाही नाही?"

"नाही." मी ओट्यापाशी सुरी धरून उभी होते. "काढून टाकू का ते?"

बाहेर खुर्ची सरकली. मग हे दारात येऊन उभे राहिले.

"मले तर बेसीसहरपासून जोमसोमपर्यंत दुसरं काही सुचलंच नाही," हे म्हणाले. "पण काढू नको. तू काहून गेली होती, ते मले आत्ता वाचून समजलं."