चौदा जोड बूट

डोंगरक्लबात त्यांना सगळे शेपूटराव म्हणत. नाव चिटणिसांनी ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांची पंचाईत झाली असती. सगळ्यांच्या मागे चालायचं, कोण रेंगाळलं, कुणाची बाटली राहिली ते बघायचं, हे त्यांचं काम. बावीस वर्षं इमानेइतबारे केलं. एरवी ते चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासत. त्या खोलीत गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि बायको गेल्यापासून घरीही कुणी फिरकत नसे. पण क्लब दोन दिवसांच्या मुक्कामाला निघाला की गडी खुलायचा.

लेक दूरच्या शहरात. तिच्याकडे एक खोली रिकामी होती आणि सहा महिने तिचा एकच धोशा, "बाबा, या आता इकडे." यांचं मन अर्धं तिकडेच लागलं होतं, खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्तच. पण लेकीच्या गळ्यात पडलो असं व्हायला नको. म्हणून तोऱ्यात सांगत, "अगं, इथे माझ्यावाचून कुणी घास तोंडात घालत नाही. कसा येऊ?"

"रविवारपर्यंत सांगा," ती शेवटी म्हणाली होती. "नाहीतर खोली तुमच्या नातीला देते अभ्यासाला."

घासाचं ते अगदीच खोटं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याचं मुक्कामघर म्हणजे दुमजली पलंगांची खोली, एक लांब टेबल आणि दाराच्या आत बूट ठेवायची फळी. परतलं की बूट फळीवर, पायात सपाता. मग क्लबातल्या गणिताच्या बाई फळीवरचे जोड मोजत. चौदा जणांचे चौदा भरले की वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला कडी, आणि नंतरच वाढप. माणसं मोजावीत तर कुणी अंघोळीला, कुणी पलंगावर आडवं. बूट जागचे हलत नाहीत, हे बाईंचं गणित. त्यात खोट काढायची कुणाची बिशाद?

यंदा शेपूटरावांनी नवे बूट घेतले होते. चावतील या धास्तीनं जुनेही बरोबर आणले. शनिवारी सकाळी नवे घालून निघाले आणि जुने नीट फळीवर ठेवून गेले. टापटिपीची खोड, दुसरं काय!

उतारावर गुडघ्यानं दगा दिला. पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. "चला तुम्ही, मी आलोच," शेपूटराव म्हणाले. बावीस वर्षं ते हेच म्हणत आणि खरोखर येत, त्यामुळे दोघं निर्धास्त गेले. यांनी काठी टेकत, बसत-उठत उतार काढला. बिचारे माझ्यापायी भुकेले खोळंबले असतील, हा एकच विचार डोक्यात. त्याची लाज वाटत होती आणि, कबूलच करायचं तर, बरंही वाटत होतं.

सांजावताना घर दिसलं. खिडकीजवळ येऊन ते थबकले. आत सगळे जेवत होते. सूप संपून बटाटे फिरत होते. चिटणीस कुणाची तरी नक्कल करत होते आणि बाईंना हसून ठसका लागला होता. मंडळी इतकी ऐसपैस बसली होती, की बाकावर रिकामी जागाही दिसत नव्हती. जुन्या बुटांची चूक शेपूटरावांच्या लगेच लक्षात आली, म्हणजे रागवायचीही सोय राहिली नाही. पण बूट चौदा भरले तरी तोंडं तेराच आहेत, हे एकालाही दिसू नये?

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक होती.

"काय ठरलं बाबा?"

यायचंय मला, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून सवयीचं निघालं. "नंतर बोलू गं. सगळे ताटावर थांबलेत माझ्यासाठी."

तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी उगाच मागे लागले बाबा. तुमची माणसं तिथेच आहेत. आता काळजी नाही मला. खोली तिला देते, आत्ताच सांगते. जा, जेवा तुम्ही."

"बरं," ते म्हणाले.

पुन्हा फोन लावावा म्हणून बोट पुढे गेलं आणि तिथेच राहिलं. नात एव्हाना नाचत असेल. फोन खिशात टाकून ते दारापाशी गेले. कडी आतून लागलेलीच होती. त्यांनी दार वाजवलं. आतला हशा थांबला.

"कोण आहे?" गणिताच्या बाईंनी विचारलं. आपले सगळे आत आहेत, अशी त्यांची खात्री होती.