पुस्तकातली तारीख आणि नानांचा कान

गाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत एक जाडसं पुस्तक आलं होतं. किती किलोमीटरला काय बदलायचं, किंवा किती वर्षांनी, यातलं जे आधी येईल ते, असं सगळं त्यात तक्ते आखून छापलं होतं. मी ते डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं आणि विसरून गेलो. आमच्याकडे नाना होते, मग पुस्तक कशाला उघडायचं?

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या बस डेपोत त्यांनी अख्खी नोकरी इंजिनं उघडण्यात काढली. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते सांगायचे, अमुक जागचं बेअरिंग गेलंय. उघडून पाहिलं की तेच निघायचं. ते निवृत्त झाले तरी गल्लीतली माणसं मोटारसायकली घेऊन दारात यायची, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मी जळगावला राहतो, मेहरूणला. पाइपच्या कारखान्यात माल तपासायचं काम करतो. ठरलेल्या वेळी नमुना घ्यायचा, मोजायचा, कागदावर सही करायची. माल चांगला दिसतोय म्हणून तपासणी चुकवलेली मी कुणाचीही खपवून घेत नाही, आणि त्यापायी माझ्या हाताखालची पोरं मला मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तोच मी दर दुसऱ्या शनिवारी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचो, नाना बॉनेट उघडून कान लावायचे, मान हलवायचे, आणि मी निर्धास्त परत यायचो.

सुरुवातीच्या फुकटच्या सर्व्हिसिंगा मी कंपनीच्या शोरूममधून करून घेतल्या होत्या. मग तिथला काउंटरवरचा इसम दर वेळी नवी यादी पुढे करू लागला. एसी आतून धुवायचा, इंजिन आतून धुवायचं, गाडीच्या पोटाला कसलासा लेप द्यायचा. गाडी धुवायला आणलीय की लग्नाला उभी करायचीय, असं मी त्याला विचारलं आणि परत तिकडे फिरकलो नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘‘घरनी गाडीले तारीख कसाले?’’ ते अहिराणीत म्हणाले. ‘‘ती सोता बोलस.’’ डेपोत तारखा पाळायच्या कारण तिथे बसवर रोज नवा ड्रायव्हर, तिची सवय कुणालाच नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं. तेल आणि फिल्टर नाना स्वतः बदलायचे, बाकीचं त्यांच्या कानावर.

त्यांचा तो कान मंदावत चालला होता हे घरात सगळ्यांना दिसत होतं. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता. आई त्यांना हाक मारायचं सोडून खांद्याला हात लावू लागली होती. फोनवर मी तब्येत विचारली की ते पावसाचं सांगायचे. आम्ही एकमेकांना म्हणायचो, नानांचं लक्ष नसतं हल्ली. बहिरेपण हा शब्द आमच्या घरात कुणीच उच्चारला नाही. दुसरं काही गेलं असतं तर बोललो असतो. पण ज्या माणसाची सगळी पत कानावर उभी होती, त्याला हे कोण सांगणार?

मागच्या उन्हाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला ठरलं. तिला न्यायला मी शनिवारी सकाळी निघालो. पारोळा सोडलं आणि इंजिनाच्या उजव्या अंगाला बारीक किरकिर सुरू झाली. गाडीचा वेग वाढला की ती वाढे. धुळ्यात पोचेपर्यंत माझं तेवढ्याकडेच लक्ष होतं.

नानांना सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, नेहमीसारखे डोळे मिटले. मी तीन हात लांब उभा होतो आणि मला किरकिर स्वच्छ ऐकू येत होती. आई दारात उभी होती, तिलाही येत होती, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं. नानांनी डोळे उघडले. ‘‘काहीच नही. बठ्ठं ठीक शे,’’ ते म्हणाले.

मी हो म्हणालो. यात काय नवल, असं बाहेरच्याला वाटेल, पण आमच्याकडे थोरल्यानं एकदा सांगितलं की विषय संपतो. त्यांच्या देखत गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेणं म्हणजे त्यांना भर गल्लीत खाली पाडणं होतं. मी आईची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, आईला पुढे बसवलं आणि निघालो. नव्वद किलोमीटर आम्ही दोघं तो आवाज ऐकत आलो. मागून ट्रक हॉर्न देत होते, मी डावी कड सोडत नव्हतो. आई वरची कडी घट्ट धरून बसली होती. एरंडोलच्या अलीकडे ती एवढंच म्हणाली, त्यांना काही बोलू नको बरं. मी म्हणालो, नाही बोलत.

सोमवारी गाडी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकनं आधी पुस्तक मागितलं. इंजिनात एक रबरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट म्हणतात त्याला. तो तुटला की गाडी जिथे असेल तिथे बंद पडते, आणि आतलं बरंच मोडून बसते. पुस्तकाप्रमाणे तो बदलायची मुदत दीड वर्षापूर्वीच उलटून गेली होती. खाली बारीक अक्षरात असंही होतं की धुळीच्या आणि फार उन्हाच्या भागात त्याहूनही लवकर बदला. म्हणजे आमच्या खानदेशात. तक्ता मी पहिल्यांदाच नीट वाचला. काउंटरवरच्या इसमाच्या यादीतलं अर्धं त्यात कुठेच नव्हतं, आणि जे त्यात होतं ते मी केलं नव्हतं.

कव्हर काढल्यावर मेकॅनिकनं मला बोलावून दाखवलं. पट्ट्याची कड उसवली होती आणि ज्या पुलीवरून तो फिरतो ती हातात डुगडुगत होती. अजून किती चालला असता, मी विचारलं. तो म्हणाला, उद्यापर्यंत किंवा दिवाळीपर्यंत, सांगता येत नाही. पुलीचं बेअरिंग वाजलं हे नशीब समजा, पट्टा स्वतः कधीच आवाज करत नाही.

हे माझ्या डोक्यातून जाईना. नानांच्या काळातल्या बसच्या इंजिनात पट्टा नव्हता, दाते असलेली लोखंडी चाकं होती. ती झिजली की महिनाभर आधी खडखडायची. नानांची सगळी विद्या तशा इंजिनांवर घडली, आणि तिथे ती सोळा आणे खरी होती. काही भाग मोडण्याआधी सांगतात, त्यांना कान पुरतो. जे सांगतच नाहीत त्यांच्यासाठी तारीख असते. मला वाटलं, एवढं कळलं म्हणजे या प्रकरणातलं कळण्यासारखं सगळं कळलं.

दोन आठवड्यांनी आईला धुळ्याला पोचवायला गेलो. काही सांगायचं नाही हे आमचं ठरलंच होतं. चहा व्हायच्या आत नानांनी बॉनेट उघडलं. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, पण त्यांनी तो टेकवला नाही. त्यांचे डोळे शाबूत आहेत. कव्हरवरची धूळ गेली होती, बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या.

‘‘हाई कोणी उघाडं?’’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पट्टा, पुली, सगळं. सांगताना आवाज चढवावा लागत होता, आणि तो चढवतोय हे दिसू नये अशीही माझी धडपड चालली होती. ते ओठांकडे बघत होते.

‘‘त्या दिन तुले आवाज उना व्हता?’’

मी होकारार्थी मान हलवली.

‘‘तुनी आईले?’’

आई दारातच होती. तिनं खाली पाहिलं.

ते दुखावतील अशी माझी तयारी होती. ते भडकले. मला आठवतंय तेव्हापासून ते माझ्यावर एवढे कधी भडकले नव्हते. ‘‘मना मान ठेवाले तू आईले त्या गाडीमा बसाडं?’’ त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर आपटला. मग ते डेपोचं बोलू लागले. तिथे तारीख आली की बस तपासणीच्या खड्ड्यावर जायची, मग आदल्या दिवशी तिला कुणीही पास केलेलं असो, खुद्द नानांनी असो. कुणाच्या तोंडाकडे बघायचं कारणच पडत नसे. पन्नास माणसं त्या बसमध्ये बसायची, आणि तिथल्या कुणी नानांचा मान राखायचा म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर ती पन्नास माणसं कुठे गेली असती, असं त्यांनी मला विचारलं. मला लाज वाटली. कान त्यांचा गेला होता, पण आईला धोक्यात घातलं ते मी, आणि इतके दिवस मी त्याला आदर समजत होतो.

थोड्या वेळानं ते शांत झाले. बॉनेटच्या कडेला टेकून उभे राहिले.

‘‘मंग आते सांग,’’ ते म्हणाले. ‘‘तोंडवर सांग.’’

मी सांगितलं, नाना, तुम्हाला ऐकू येत नाही. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, त्यांना ते ऐकू गेलंच नव्हतं. मग मी तेच पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्यानं की समोरच्या ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बाईनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं.