पायात खिळा, दातात खीळ

दात मोडला तेव्हा कटकन आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. माझ्या नवऱ्याच्या पुढच्या दातांत साहेबानं डावाचा दांडा घातला होता. तो दांडा वर उचलत साहेब ओरडत होता, "नाव घे! प्रभूचे नाव घे!" नवऱ्याचं अंग कमानीसारखं वर गेलं. टाचा आणि डोकं तेवढं जमिनीला टेकलेलं, मधलं सगळं अधांतरी. तोंडातून रक्त आणि लाळ येत होती. ओठ मात्र असे ताणलेले की बघणाऱ्याला वाटावं, हा दात काढून हसतोय.

"पाहा, तो आम्हाला हसतो आहे!" साहेब म्हणाला.

दारात बसलेली माझी सासू म्हणाली, "चेडाच हाय तो. चेडाच हसतंय."

साहेबाबरोबर मंडळीतली माणसं आली होती, त्यांनी पुन्हा डफ सुरू केला. डफावर थाप पडली की नवऱ्याचं अंग वर उचललं जायचं. थाप थांबली की खाली पडायचं. गल्लीतल्या शेळीलाही कळलं असतं इतकं ते सरळ होतं. सैतानाशी लढायला आलेल्यांना कळत नव्हतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. आठवड्यात तेवढा एकच दिवस आमच्या गल्लीत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि यांनी लढाईला नेमका तोच दिवस धरला.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. माझा नवरा वडप्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. तो भिवंडीत लूमवर कामाला आला. गळा चांगला होता. मिशनचा गोरा साहेब जीप घेऊन वस्तीत यायला लागला तेव्हा त्याला असा गळा हवाच होता. नवऱ्यानं शिफ्ट सोडली आणि प्रचारक झाला. त्यानं बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं म्हणून मीही घेतलं. मला कुणी विचारलं नाही. बायकोचा धर्म तिच्या ताटात वाढून येतो.

साहेब मराठी शिकला होता, पण पुस्तकातली. बाजारात कोथिंबीर घेतानाही तो शास्त्रातल्यासारखा बोलायचा. मनानं वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या डोक्यात सारखं युद्ध चाललेलं असायचं. ताप आला, अशुद्ध आत्मा. नवराबायको भांडली, अशुद्ध आत्मा. दारू, खोकला, पोरगं रात्री रडतं, सगळ्यांचा एकेक आत्मा होता. जीप सुरू झाली नाही तर त्याचाही एक होता, पण तो काढायला साहेब मेकॅनिक बोलवायचा.

आत्मा ओळखायची त्याची एक परीक्षा होती. समोरच्यानं 'येशू प्रभू आहे' एवढं म्हणायचं. म्हटलं तर माणूस शुद्ध. म्हणता आलं नाही तर आत कोणीतरी आहे. मग डफ, ओरडा, डोक्यावर हात. माझा नवरा त्यात पटाईत झाला होता.

आधीच्या पावसाळ्यात साहेब आणि तो जवळच्या पूर्णा गावाला गेले होते. तिथं एक बाळंतीण होती, कोवळी पोर. तिचं तोंड उघडत नव्हतं. हे तिच्या उशाशी बसून ओरडत राहिले. पोर मेली. रविवारी उपासनेत नवऱ्यानं उभं राहून साक्ष दिली, की शेवटच्या श्वासाबरोबर आत्मा निघाला आणि ती सुटली.

घरी आल्यावर मी विचारलं, "सुटली म्हणजे मेलीच ना?"

"तुला आत्म्याचं काय कळतं? चौथी शिकलीस."

"चौथीत मेलेलं माणूस ओळखायला शिकवतात," मी म्हटलं. त्यानं ताट सरकवलं आणि हात धुतले.

मग ते चेड्याच्या मागे लागले. आमच्या गावच्या शिवेवर एका जुन्या झाडाखाली चेडोबाचा दगड आहे. चेडा म्हणजे शिवेचा राखणदार. वरपून खातो, कोप करतो, असं गावचं म्हणणं. कुणाला भूत लागलं तर भगत ते धरून आणतो आणि त्या झाडाला खिळा मारून तिथंच ठोकून ठेवतो. त्या बुंध्यात इतके खिळे होते की झाडाला झाड म्हणावं की लोखंड. साहेबानं शास्त्रातलं यरीहो शहर काढलं. सात फेऱ्या मारल्या की भिंती पडल्या, तसा हा सैतानाचा गड पाडायचा. गड कसला, गुडघ्याएवढा दगड तो. ही पवित्र लढाई, म्हणून सगळ्यांनी वहाणा काढायच्या. साहेबानंही बूट काढले, पण आतले जाड मोजे ठेवले.

माझा नवरा अनवाणी, सगळ्यांच्या पुढे, गात. शेवटच्या फेरीत झाडातून गळून पडलेला एक गंजका खिळा त्याच्या टाचेत घुसला. त्यानं तो उपटून फेकला आणि गाणं पुरं केलं. घरी आला तेव्हा मी म्हटलं, सुई टोचून या. म्हणाला, "प्रभूच्या हाता-पायांत खिळे गेले, मला एकाची भीती दाखवतेस?"

पुढच्या आठवड्यात त्याचा जबडा जड झाला. भाकरी चावेना. मग मान ताठली. मग तोंडच मिटलं. मी मिशनच्या घरी धावत गेले, जीपसाठी. साहेब व्हरांड्यात होता. मी म्हटलं, "साहेब, जीप काढा. त्याला दातखीळ बसलीय."

साहेबाचे डोळे मोठे झाले. 'खिळणे' हा शब्द त्याला वधस्तंभापुरता ठाऊक. त्यानं विचारलं, "दातात खीळ? ती कोणी मारली?"

"कुणी मारत नाही. बसते ती."

"कोण बसते?"

"दातखीळ बसते, साहेब. आपोआप बसते. आता त्याला बोलता येत नाही."

"आत बसले आहे, आणि त्याला बोलू देत नाही," असं साहेब स्वतःशीच म्हणाला आणि आतून बायबल घेऊन आला. मला वाटलं जीपची किल्ली आणायला गेला. आमच्या भाषेत अंग मोडून येतं, डोकं उठतं, कंबर धरते आणि दातखीळ बसते. तेवढ्यानं कुणाच्या घरात कुणी शिरत नाही. पण ज्यानं शब्द पुस्तकातून घेतले त्याला हे कोण सांगणार?

तिकडे गावाहून सासू आली. ती शेवटपर्यंत चेड्याचीच राहिली, पाण्याला तिनं हात लावला नाही. तिनं टाच बघितली आणि कपाळ बडवलं. "मी सांगलं व्हतं, चेड्याच्या वाटंला जाऊ नको! खिळ्यातलं भूत पायातून वर चढलंय."

साहेबानंही टाच बघितली आणि म्हणाला, "होय. आत्मा येथूनच आत गेला."

एवढी वर्षं साहेब आणि सासू एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्या टाचेवर मात्र दोघांचं एकमत झालं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मुसलमान कुटुंब राहायचं. बाईला मी आपा म्हणायचे. तिचा नवरा कापडाचे तागे टेम्पोनं मुंबईला पोचवायचा. आपा दारातून डोकावली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "भाभी, इसको कील लगी थी ना? ये धनुर्वात है. मेरे देवर को हुआ था. मेरा आदमी आज घर पे है, टेम्पो खड़ी है. लेकिन ये लोग उठाने देंगे तब ना."

उठवू देत नव्हतेच. आपाच्या नवऱ्यानं आत पाऊल टाकलं तर साहेब म्हणाला, लढाई अर्धी सोडणं म्हणजे सैतानाला शरण जाणं. सासू म्हणाली, चेड्याला कोंबडं दिल्याशिवाय पोराला शिवेबाहेर न्यायचं न्हाय, वाटेत मरंल. मंडळीतली माणसं दार अडवून उभी. मी मधे पडले तर त्यांच्यातल्या दोघांनी मला धरलं. आणि मग साहेबानं माझ्याच चुलीजवळचा डाव उचलला.

दात मोडला आणि मला कळलं, की आता हे थांबले नाहीत तर हा माणूस याच खोलीत, याच आवाजात मरणार. रडून थांबणारे हे नव्हते. मी घसा फोडून रडत होतेच की. बाईच्या रडण्याला कोण थांबतं? बाईच्या अंगात आलं तर मात्र भले भले थांबतात.

मी केस सोडले.

अंगात येणं कसं असतं हे मला शिकायचं नव्हतं. माझ्या माहेरी जत्रेला निम्म्या बायकांच्या अंगात यायचं, आणि उरलेल्या निम्म्या आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघायच्या. मी घुमले, फुत्कारले, आणि मोठ्यानं म्हणाले, "मी चेडा हाय!"

डफ बंद पडला. सासू लोटांगण घालत माझ्या पायाशी आली. "देवा, चुकलं माज्या लेकाचं! काय पायजे तुला? कोंबडं देव? बोकड देव?"

"कोंबडं नको. बोकड नको. टेम्पो पायजे!"

"टेम्पो?" सासूनं मान वर केली.

"टेम्पो! ह्याला टेम्पोत घाला! आनि तो डफ उचला हितून, माजं कान फुटलं!"

साहेब आनंदानं थरथरत होता. "तो त्याला सोडून तिच्यात गेला आहे!" शास्त्रात आत्मे माणसातून निघून डुकरांच्या कळपात शिरतात. आमच्या खोलीत डुक्कर नव्हतं, मी होते.

मला धरणाऱ्यांचे हात केव्हाच सुटले होते. मी सरळ दारातून बाहेर पळाले. गल्ली, गटार, कोपऱ्यावरचा नळ. माझ्यामागे साहेब, त्याच्यामागे डफवाले, त्यांच्यामागे सगळी पोरं. नळावरच्या बायका हंडे सोडून भिंतीला चिकटल्या. एक म्हणाली, "अगं ही तर आपली प्रचारकीण!" मी तिच्या अंगावरही फुत्कारले. तेवढंच एक त्या दिवशी मजेचं. साहेबानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि लढाई नव्यानं सुरू झाली. ओरडा म्हटलं, इथं कितीही ओरडा. माझा जबडा मोकळा आहे.

गल्लीच्या तोंडाशी आपा दिसली. तिनं ओढणी हलवली. माझ्या नवऱ्याला टेम्पोत घातलं होतं.

"नाव घे!" साहेब ओरडला.

"येशू प्रभू आहे," मी म्हटलं. शाळेत पाढा म्हणावा तसं, खणखणीत.

साहेब त्याच चिखलात गुडघ्यावर बसला आणि देवाचे आभार मानायला लागला. मी केस बांधले आणि टेम्पोकडे गेले.

आपाच्या नवऱ्यानं ताग्यांवर त्याला निजवलं होतं आणि वर ताडपत्री ओढून अंधार केला होता. मानकोलीपर्यंत सगळा खड्ड्यांचा रस्ता. तो बैलगाडीच्या चालीनं टेम्पो हाकत होता. मागचे ट्रकवाले शिव्या देत होते, पण त्यानं हॉर्नला हात लावला नाही. भिवंडीहून मुंबईला हॉर्न न वाजवता गेलेला तो एकच टेम्पो असेल.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "पायाला काय लागलं होतं?" दुसरा विचारला, "दात कुणी मोडला?"

"प्रार्थना केली," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सुई भरायला घेतली.

तिथली खोली अंधारी होती. खिडक्यांना जाड पडदे, नर्सबाई कुजबुजत बोलणार, भांडं खाली ठेवायचं तर फडक्यावर. मी पहिल्या दिवशी हुंदका दिला तर नर्सबाईनं मला हाताला धरून बाहेर काढलं. "रडायचं तर जिन्याखाली. देवाचं नाव घ्यायचं तर मनात." मला वाटलं, हिला उचलून मिशनमध्ये बसवावं.

माघारी भिवंडीत सगळ्यांनी आपापला विजय साजरा केला. साहेबानं उपासनेत सांगितलं, एकाच दिवशी दोन माणसं मुक्त झाली. सासूनं चेड्याला कोंबडं दिलं आणि गावभर सांगितलं, की चेडा आता सुधारला, टेम्पो मागतो. टेम्पोवाल्याला कुणी नारळसुद्धा दिला नाही. त्याला त्याची फिकीर नव्हती. त्याची तक्रार एवढीच, की ताग्याला लागलेले रक्ताचे डाग शेठ त्याच्या पगारातून कापणार होता.

खूप दिवसांनी नवऱ्याचा जबडा सैल झाला. पहिल्यांदा पेज मागितली. दुसऱ्यांदा बोलला ते दुपारचं. मी पदरानं त्याचं तोंड पुसत होते.

"आतून सगळं ऐकू येतं," तो म्हणाला.

"काय ऐकू येतं?"

"सगळं. डफ, साहेब, तू. नाव घ्यायचंच होतं मला. मी घेतच होतो, आत." मग त्यानं माझा पदर बाजूला केला. "पूर्ण्याच्या त्या पोरीचं तोंडबी असंच हसल्यासारखं झालं होतं. तिलाबी ऐकू येत आसंल. मी तिच्या कानाशी ओरडत होतो."

'तुम्हाला कुठं ठाऊक होतं' असं म्हणायची ती जागा होती. मी म्हटलं नाही.

घरी आल्यावर साहेब जीप घेऊन आला, साक्ष द्यायला चला म्हणून. नवरा म्हणाला, "साहेब, मला अजून बोलताना दुखतं." पुढच्या वेळी आला तेव्हाही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा साहेब आला तेव्हा नवरा घरी नव्हता, लूमवर ड्युटीला गेला होता. तिथं चार लूमच्या मधे उभं राहून कुणी कितीही ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नाही.

प्रभूला त्यानं सोडलं नाही. रात्री जेवणाआधी नाव घ्यायचा, हळू, मोडक्या दातातून हवा सुटायची.

धनुर्वात दोघांना झाला होता. माझा नवरा वाचला. पूर्ण्याची ती बाळंतीण वाचली नाही. तिचं मूल वाचलं.