चांगल्या दाढा

दौंड स्टेशनवर तिकिटं देणारे मामा मे महिन्यातही उजव्या गालावर मफलर गुंडाळून बसत. वारा लागला तरी गालात कळ उठायची, म्हणून बोलणंही दोन-चार शब्दांचंच. माझ्या दातांच्या दवाखान्यात येऊन ते म्हणाले, "दाढ काढा." दर खेपेला एक, अशा मी चार काढल्या. कळ तशीच राहिली.

एकदा पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून ते थेट माझ्याकडे आले. गाल धरून सावकाश म्हणाले, "दाढा चांगल्या व्हत्या, डॉक्टर. दुखणं चेहऱ्याच्या नसेचं हाय. पुढं कुणी असं आलं, तर आधी नस बघा."

मी मान डोलावली. त्या नसेच्या तिन्ही शाखा मी कॉलेजात पाठ केल्या होत्या, हे मला त्यांना सांगवलं नाही.