शिसं शोधायला गेले तेव्हा

“काजळाची डबी काढा. हळदही. भांडीसुद्धा.” पोलादपूरजवळच्या त्या घरात मी उंबऱ्यावरूनच हुकूम सोडला. तेव्हा मी चाळिशीची, आरोग्य केंद्रातली नर्स. रुबाब डॉक्टरांपेक्षा जास्त.

कारण गंभीर होतं. सुगंधाची परी पाच महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी. वजन वाढेना, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी मायलेकींचं रक्त मुंबईला पाठवलं. दोघींच्या रक्तात शिसं निघालं. आईच्या पोटात गेलेलं शिसं थोडं दुधात उतरतं, आणि बाळाच्या मेंदूला थोडंही वाईटच.

“मंग दूध तोडू ना गो बाय?” सुगंधाच्या सासूने दूध पावडरचा डबा आणूनच ठेवला होता. सुगंधा रडकुंडीला आली.

“डॉक्टर म्हणतात, आकडा दूध तोडण्याइतका नाही. शिसं कुठून येतं ते शोधायचं. मला आठवडा द्या.”

“आन नाय गावलं तर?”

“मला? गावणारच!”

दोन दिवस डबे हुंगले, मसाले चाळले, दाराचा रंग खरवडून नमुना घेतला. सुगंधा शेजारी पाग भरत बसलेली. पाग म्हणजे नदीत फेकून मासे धरायचं जाळं. ते बुडावं म्हणून कडेला गोळ्या लावतात. ती प्रत्येक गोळी दाताखाली दाबून दोरीवर घट्ट करायची. वाडीतले सगळे पाग तिच्याकडेच.

तिसऱ्या दिवशी थकून मीही बसले. “दाखव गो, मी करते.” गप्पा रंगल्या. माझे दात मजबूत आहेत असं सुगंधा म्हणाली, तर मी आणखी चार गोळ्या चावल्या.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन.

“सापडलं काही?”

“नाही सर. घर एकदम स्वच्छ.”

“बोलताय कशा? तोंडात काय आहे?”

“पागाची गोळी.”

“ती कशाची असते, सिस्टर?”

मी गोळी तळहातावर काढली. सुगंधाने ती बघितली, मग मला बघितलं.

“शिसं शोधाया आल्ती का खाया?” सासूने विचारलं, आणि तिघी हसून आडव्या झालो.

पाग त्याच दिवशी घराबाहेर गेले. गोळ्या दाबायला सासऱ्यांच्या हाती पक्कड आली. सुगंधाला लोह-कॅल्शियम सुरू झालं, घर ओल्या फडक्याने पुसलं गेलं. दूध तुटलं नाही. त्या पावडरचा चहा सासूने मलाच पाजला. पुढच्या प्रत्येक रिपोर्टात मायलेकींचा आकडा उतरला, आणि परी अशी गुटगुटीत झाली की वजनाच्या झोळीत मावेना.

मायलेकींच्या जोडीला रक्ताचा तिसरा नमुना माझा गेला. डॉक्टरांनी तो मुद्दाम सगळ्या स्टाफसमोर घेतला.

हल्ली नव्या नर्स भेटल्या की सांगते, शोधायला गेलात तर कामाला हात लावू नका. त्या ऐकत नाहीत. मीही ऐकलं नसतं. गप्पा फारच छान चालल्या होत्या.