पाळीवरच्या घरी लिहिलेला भाऊ

"आत्या, कागद मिळाला का?"

दर रविवारी सकाळी फोन वाजायचा आणि पलीकडून पहिलं वाक्य हेच यायचं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. शाळेत असताना नमस्कार न करणाऱ्या पोरांना मी दाराबाहेर उभं करत असे. पण या पोरीवर मला राग धरवत नव्हता. सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, त्यामुळे मला बाई म्हणणारे चौकाचौकात भेटतात. आत्या म्हणणारं माणूस जगात एकच, आणि तेही सातासमुद्रापलीकडे.

ती माझ्या भावाची मुलगी. भाऊ तरुणपणीच परदेशी गेला. वरठीच्या स्टेशनावर मीच त्याला गाडीत बसवून दिलं होतं. तिकडेच त्यानं लग्न केलं, तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि तिकडेच तो गेला. बायको त्याच्या आधीच गेली होती. बाप गेल्यावर पोरीनं त्याच्या फोनमधून माझा नंबर शोधला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "तिथे कोणी आहे का आमचं?" मी म्हटलं, "आहे ना, मी आहे." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि मोकळ्या घरात मोठ्यानं रडले. ऐकायला कोण होतं!

तिला इथं येऊन राहायचं होतं. महिना-दोन महिने नाही, पुष्कळ दिवस. त्यासाठी ते ओसीआय कार्ड लागतं. बाप भारताचा नागरिक होता हे कागदावर दाखवलं की मिळतं, मग जन्मभर केव्हाही या आणि राहा. भावाचा जुना पासपोर्ट घर बदलताना कुठंतरी हरवला होता. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! आम्ही अड्याळच्या पलीकडे तलावाखाली पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारी माणसं. आमचे कागद नसतील तर कोणाचे असतील? मी दुसऱ्याच दिवशी पुढची खोली झाडून घेतली आणि नवी गादी भरून आणली.

भाऊ शिकला त्या शाळेत गेले. त्याच्या सालचं दाखल-खारीज रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. त्यानं पेटी उघडली तर आत नुसता भुगा. "बाई, माफ करा," म्हणाला. जसं काही त्यानंच खाल्लं होतं.

मग तालुक्याच्या कचेरीत गेले. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल सांगायचा आणि ते कोतवाल बुकात लिहिलं जायचं. बाळाचं नाव नसायचं. बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी, एवढंच. ही जुनी बुकं तिथं रेकॉर्ड खोलीत लाल फडक्यांत बांधून ठेवलेली. तिथला बाबू रिटायर व्हायला आलेला, तोंडात सुपारी, बोलणं संथ.

"बाई, एवढा ताप कायले घेता?" तो म्हणाला. "तलाठ्याकडून फेरफार काढा ना. तुमचे वडील वारले तवा जमिनीवर वारसांची नावं चढली असतीन. भावाचं नाव त्यात असन तं काम फत्ते."

"तुम्ही आधी बुक काढा," मी म्हटलं. असं चिडून म्हटलं की तो बिचारा गप्प उठला.

वडिलांचं नाव मला चार वेळा सापडलं. मुलगा. मुलगी. मुलगा. मुलगा. आणि मागच्या पानांत, मृत्यूच्या यादीत, पुन्हा चार वेळा. एक अकरा दिवसांचं, एक सहा महिन्यांचं. कारण: ताप, ताप, ताप. चौथ्यापुढं कारणच नाही. आई म्हणायची, तुझ्या भावाच्या आधी चार गेले. चार हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ होता, पण त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. एकाच हातानं, एकाच अक्षरात आठदा लिहिलेलं ते. बाबूला म्हटलं जरा पाणी द्या.

भावाच्या जन्माच्या महिन्याची पानं तीनदा पाहिली. वडिलांचं नाव नव्हतं. पुढच्या एका बुकात मात्र होतं: मुलगी. ती मी. म्हणजे मी होते आणि तो नव्हता. हे वाचून माझ्या काळजात काय झालं ते माझं मला माहीत, आणि त्याचं कारण आता सांगून टाकते.

आमचे वडील शेवटची नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मी केलं. शाळा करून केलं, लग्नाची दोन स्थळं परत पाठवून केलं. भावाचे फोन यायचे, "ताप उतरला का, औषध बदललं का." फोनवरून औषध बदलणारा मोठा डॉक्टर! वडील गेले तेव्हा तो आला नाही. सुट्टी नाही म्हणाला. तेराव्यानंतर तलाठी वारसाची नोंद करायला आला आणि त्यानं विचारलं, "भाऊ?" मी म्हटलं, "मला भाऊ नाही." त्यानं वर पाहिलं. सगळ्या गावाला माहीत होतं. "परदेशातल्या माणसाची सही आणायची म्हणजे मोठी कटकट," असं म्हणत त्यानं मला हवं तेच लिहिलं: वारस, एक मुलगी. शपथेवर मी सही केली. जमिनीचा लोभ मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण राग जास्त होता. नंतर राग उतरला, पण लिहिलेलं तसंच राहिलं, आणि तोवर भाऊही गेला. म्हणून फेरफाराचं नाव काढल्याबरोबर मी बाबूवर खेकसले होते.

परतताना अड्याळला बस बदलायची होती. बाजाराचा दिवस होता. मासळीच्या ओळीत आमच्या गावची ढिवरीण बसली होती. गावात तिचं घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हापासून टोपलीत मासे घेऊन बाजार करते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. आमचं बोलणं असं कधी नव्हतं, कारण मी तिच्यावर लहानपणापासून जळत असे.

त्याला कारण होतं. चार मुलं गेल्यावर भाऊ जन्मला, तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि या ढिवरणीच्या आईनं येऊन उचलला. मग आईनं पायलीभर कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, देऊन त्याला तिच्याकडून विकत घेतला. म्हणजे तो आमचा नाही, ढिवराचा. मरणानं आमच्या घरात शोधला तर सापडायचा नाही. आमच्याकडे असं करत असत. आई हे हसत हसत सांगायची. पण त्यामुळे भाऊ दर भाऊबीजेला आधी पाळीवर जायचा, या ढिवरणीकडून ओवाळून घ्यायचा आणि मग घरी यायचा. मी ताट घेऊन दारात ताटकळायची. तो यायचा तर कपाळावर कुंकू आधीच लागलेलं! मी त्यावरच माझं लावायची आणि दिवसभर तोंड फुगवून बसायची.

त्या दिवशी ढिवरणीनंच हाक मारली. "मास्तरीनबाई, काहून तोंड उतरलं तुमचं?"

कोणाशी तरी बोलायचंच होतं. मी तिथंच पोत्यावर बसले आणि सांगितलं की माझ्या भावाची कुठं नोंदच नाही.

तिनं हातातली मासळी टोपलीत टाकली. "शाळा शिकवल्या अन् एवढंबी ठाऊक नाई तुमाले? त्याले आमच्या घरी लिवला हाये. तुमचा बाबा कोतवालाच्या पाया पडला होता. म्हने, त्या बुकात माह्या नावानं चार लिवले, चारी खाल्ले त्या बुकानं. हा लिवू नको. मंग माह्या बापानं सांगतलं, लिव माह्या नावानं."

मी आ वासून ऐकत होते. माझे वडील, दर शनिवारी घरी पेपर आणून वाचणारे, एका बुकाला घाबरले होते.

पुढच्याच सोमवारी तिला घेऊन कचेरीत गेले. बाबूनं पान काढलं. तिच्या बापाचं नाव, पुढं जात ढिवर, पुढं मुलगा. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नाही तिला, पण बाबूनं दाखवल्यावर बोट हलवलं नाही. "आमच्या घरी पोट्टा जनमलाच नाई, साहेब. आमी तिघी बहिनी. हा तोच हाये."

बाबूनं सुपारी थुंकून विचार केला. "दोन्ही घरांचे जबाब होतीन, गावचे पंच होतीन, मंग तहसीलदार साहेब जन्माचा दाखला देतीन. पन मास्तरीनबाई, फेरफारात भाऊ पायजे. तुमच्या घरचा म्हनून तो कुठंतरी लिवलेला पायजे ना?"

आता पळायला जागा नव्हती. मी सांगून टाकलं. ढिवरीण बाजूला उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो. त्यानं माझं शपथपत्र टाईप केलं आणि वाचून दाखवलं: "वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद करताना नजरचुकीने माझ्या भावाचे नाव सांगायचे राहून गेले."

नजरचुकीने. किती बरा शब्द! हा कागद भाचीलाही पाठवावा लागणार होता, तिच्या अर्जाला जोडायला. नजरचुकीने लिहिलं तर ती एक शब्द विचारणार नव्हती. येत्या थंडीत ती पुढच्या खोलीत, नव्या गादीवर झोपली असती. मी अर्ध्याहून जास्त सही केलीसुद्धा. पायरीवर ढिवरीण बसलेली दिसत होती, मोकळी टोपली मांडीवर घेऊन.

"हे फाड," मी म्हटलं. "नजरचूक नाही. मी खोटं सांगितलं. तसं लिही."

"बाई, खोट्या शपथेचा गुन्हा लागन. सारेच नजरचूक लिवते."

"शाळेत माझ्यापुढं असं कोणी बोललं असतं तर कान पिळला असता. लिही म्हटलं ना!"

त्यानं लिहिलं: "मला भाऊ असताना मी रागाच्या भरात भाऊ नाही असे खोटे सांगितले." मी सही केली. घरी येऊन त्याचा फोटो भाचीला पाठवला, आणि कोतवाल बुकाच्या पानाचाही. खाली सगळी हकीकत लिहिली: सूप, कनकी, बुक, ढिवरीण, भाऊबीज. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. मी फोन उशाशी ठेवून पडले.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी सकाळपासून चहा दोनदोनदा गरम करत बसायची आणि शेजारीण आली तर म्हणायची, आज तिकडं सुट्टी असेल. मधल्या काळात साहेबांपुढं जबाब झाले, साहेब मला चांगलं तासभर बोलले, भावाचं नाव जमिनीवर चढलं आणि दाखला हातात आला. तोही फोटो पाठवला. त्याला उत्तर आलं: "मिळालं." बस्स. आत्या हा शब्दही नाही.

शेवटी दिवाळीच्या आधी, कार्ड आल्यावर, तिचा फोन आला.

"बाबांना माहीत होतं?" तिनं पहिलंच विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी कधी सांगितलंच नाही."

 मग ती म्हणाली, "मी येते आहे. भाऊबीजेला पोहोचेन. पण मी आधी त्या मोठ्या आत्याकडे उतरेन. पाळीवर. तुमच्याकडे नंतर."

मोठ्या आत्याकडे. मी म्हटलं, "हो, ये." दुसरं काय म्हणणार होते? बाप जसा करायचा तसंच पोरगी करणार, आणि या वेळी तोंड फुगवायचा मला हक्क नव्हता.

निरोप द्यायला मी पाळीवर गेले. इतक्या वर्षांत तिच्या दारात मी पहिल्यांदाच उभी राहिले. ती जाळं दुरुस्त करत होती. ऐकल्याबरोबर धावत आत गेली, खाटेवरची वाकळ काढून उन्हात टाकली आणि बाहेर येऊन विचारलं, "मासोळी खाते का वं ते? अन् तिखट चालते का?"

दीड वर्ष दर रविवारी मी त्या पोरीशी बोलले होते. कागदाशिवाय दुसरं काहीच बोलले नव्हते.

"मले नाई मालूम," मी म्हटलं.