मंगलचे मळके गोटे

सोलापुरातून एसटी सुटली तेव्हा खिडकीची जागा मंगलनेच पटकावली. आम्ही दोघी एकाच कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. पण कुठेही जा, लोक बघता बघता तिचे होतात आणि मी आपली सोबत आलेली बाई!

तामलवाडीच्या पुढे एका वस्तीवर उतरलो. वस्तीच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, पूर्वी कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडायचं. त्यातलं शिसं विहिरीत उतरलंय का, ते बघायचं होतं. आम्हाला बोलावणाऱ्या शांताकाकू दारातच म्हणाल्या, "सून दोन जिवाची हाय. हे पाणी तिला पाजू का नगं, येवढंच सांगा."

मग हुलग्याचं माडगं (पातळ पेज) आलं. मंगलने वाटी पुन्हा पुढे केली तशा काकू खूश. "घे गं माय, लाजू नगं." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू!

विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून ओढ्यात उतरलो. सगळीकडे काळ्या खडकाचे गोटे, त्यांवर गंजासारखा तांबूस लेप. मंगलने ते चिखलासकट पिशवीत कोंबले. मीही थोडे वेचले, पण मला बाई असलं गबाळं काम जमत नाही. वर्गात दाखवायचा दगड लख्ख हवा, ही माझी जुनी खोड. संध्याकाळी तुळजापूरच्या लॉजवर ती मालकिणीशी गप्पा मारत बसली. मी न्हाणीत बसून माझे गोटे ब्रशने चांगले खसाखसा घासले.

परतल्यावर तपासणी झाली. विहिरीचं पाणी चांगलं निघालं. मग शिसं गेलं कुठे? माझ्या गोट्यांवर औषधालाही नव्हतं. सापडलं ते मंगलच्या मळक्या गोट्यांवर. तो तांबूस लेप म्हणजे लोहाचं खनिज. वाहत्या पाण्यातलं शिसं त्याने अंगाला चिकटवून धरलं होतं. माझं सगळं लॉजच्या मोरीत वाहून गेलं.

"काकूंना फोन तूच कर," मंगल म्हणाली. मेहरबानीच जणू! लावला मी.

"काकू, पाणी खुशाल पाजा सुनेला. आम्ही अधूनमधून तपासत राहूच. पण ओढ्यातले गोटे हलवू नका, घासू तर मुळीच नका."

काकूंना आधी रडू फुटलं, मग हसू. "अगं माय, दगडं कोण घासत बसतंय!"

मंगल समोरच होती. तिने सगळं ऐकलं, पण हसली नाही. फिदीफिदी हसली असती तर बरं झालं असतं. निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.